विश्लेषण : आरेवरून उडणारी हेलिकॉप्टर निवृत्तीनंतर जातात कुठे? स्वयंसेवकांनी उभारलेल्या संग्रहालयातून मुंबईने काय घ्यावे?

जुहूहून उडालेले हेलिकॉप्टर अंधेरी, गोरेगाव, आरे कॉलनीच्या डोक्यावरून जाताना दिसणे उपनगरवासीयांना नवे नाही. समुद्रातील तेलफलाटांवर कर्मचारी नेणारी, नेत्यांना सभास्थळी पोहोचवणारी, कधी हवाई सफर घडवणारी ही यंत्रे मुंबईच्या रोजच्या जगण्याचा भाग आहेत. पण त्यांची सेवा संपली की ती कुठे जातात? बहुतेकदा लिलावात आणि तिथून भंगारात. मुंबईच्या सेवेसाठी आणलेल्या एका हेलिकॉप्टरचा पहिला नमुना मात्र इंग्लंडमधील एका लहान शहरात, स्वयंसेवकांच्या भरवशावर चालणाऱ्या संग्रहालयात आजही उभा आहे. हे तिथे कसे जमले, इथे का जमले नाही आणि आता हा प्रश्न तातडीचा का झाला, याचा हा आढावा.

मुंबई आणि हेलिकॉप्टरचे नाते किती जुने?

१९२८ मध्ये सुरू झालेले जुहू हे देशातील पहिले नागरी विमानतळ मानले जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आले ते इथेच. मोठी विमाने सांताक्रूझला गेली आणि पुढे जुहू हा हेलिकॉप्टरचा तळ बनला.

त्याला कारण ठरले समुद्रातील तेल. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये ‘बॉम्बे हाय’ तेलक्षेत्राचा शोध लागला. तिथल्या फलाटांवर माणसे पोहोचवायची, आजारी कर्मचारी परत आणायचा, पावसाळ्यात समुद्र खवळला तरी कामाच्या पाळ्या बदलायच्या, तर हेलिकॉप्टरला पर्याय नव्हता. याच गरजेतून १९८५ मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली. तीच आजची ‘पवन हंस’.

नौदलाची हेलिकॉप्टर आणखी आधीपासून मुंबईच्या आकाशात आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली ‘सी किंग’ पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी होती. कुलाब्यातील नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आज ‘आयएनएस शिक्रा’ म्हणून ओळखला जातो. ‘सी किंग’ बनवणारी ब्रिटिश कंपनी होती वेस्टलँड. मुंबईच्या नागरी हेलिकॉप्टरच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त प्रकरणातही नाव याच कंपनीचे आहे.

‘वेस्टलँड ३०’ प्रकरण काय होते?

पवन हंससाठी १९८० च्या दशकाच्या मध्यात २१ ‘वेस्टलँड ३०’ हेलिकॉप्टर घेण्यात आली. त्यासाठी ब्रिटनने सुमारे साडेसहा कोटी पौंडांची मदत दिली. ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी या व्यवहारासाठी जोर लावला होता. वेस्टलँड तेव्हा आर्थिक अडचणीत होती आणि या हेलिकॉप्टरला जगात फारसे गिऱ्हाईक नव्हते. या प्रकारची एकूण हेलिकॉप्टर तयार झाली ती जेमतेम ४० च्या आसपास. त्यांतील निम्मी भारतात आली.

तांत्रिक अडचण समजायला सोपी आहे. ‘लिंक्स’ या चपळ लष्करी हेलिकॉप्टरची गिअरबॉक्स आणि पात्यांची यंत्रणा घेऊन त्याखाली प्रवाशांसाठी मोठी केबिन बसवली, की ‘वेस्टलँड ३०’ तयार होते. थंड हवेत हे गणित जमते. पण हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि पात्यांनाही कमी उचल मिळते. मग प्रवासी कमी करा, नाहीतर इंधन कमी करा, एवढाच मार्ग उरतो. उष्ण हवामान आणि उंच प्रदेश ही या हेलिकॉप्टरची दुखरी बाजू होती आणि भारतात दोन्हींची कमतरता नाही.

१९८८ आणि १९८९ मध्ये दोन जीवघेणे अपघात झाले. सुट्या भागांची आणि विश्वासार्हतेची रड होतीच. १९९१ मध्ये संपूर्ण ताफा जमिनीवर आणण्यात आला. उरलेली १९ हेलिकॉप्टर १९९३ मध्ये एका ब्रिटिश कंपनीला नऊ लाख पौंडांना विकली गेली. मूळ रकमेच्या हे दीड टक्काही नाही.

सार्वजनिक पैसा, परराष्ट्र संबंध, अभियांत्रिकी आणि प्रवाशांची सुरक्षा या सगळ्यांचा धडा एकाच यंत्रात सापडावा, असे हे उदाहरण. पण त्या ताफ्यातील एखादे हेलिकॉप्टर मुंबईत जपून लोकांसमोर ठेवावे, असे घडले नाही.

मग ते जपले कोणी?

‘वेस्टलँड ३०’च्या पहिल्या नमुन्याने १० एप्रिल १९७९ रोजी उड्डाण केले. ‘जी-बीजीएचएफ’ अशी नोंदणी असलेला हा नमुना इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या शहरात ‘द हेलिकॉप्टर म्युझियम’मध्ये आहे.

या संग्रहालयाची सुरुवात सरकारी निर्णयाने झाली नाही. एल्फान आप रीस या हवाई इतिहासाच्या अभ्यासकाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस हेलिकॉप्टरविषयीची कागदपत्रे आणि वस्तू गोळा करायला सुरुवात केली. पुढे टाकाऊ म्हणून निघालेली हेलिकॉप्टरच मिळवली. समविचारी माणसे जोडली गेली, धर्मादाय संस्था नोंदवली गेली आणि १९८९ मध्ये वेस्टनच्या जुन्या विमानतळाच्या कडेला संग्रहालय खुले झाले. संग्रहात आज जगभरातील ८० हून अधिक हेलिकॉप्टर आणि तत्सम यंत्रे आहेत. काम चालते ते मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर.

जागेची निवडही सहज झालेली नाही. वेस्टनमध्येच ब्रिस्टल कंपनीचा हेलिकॉप्टरचा कारखाना होता. म्हणजे ही यंत्रे बनवणारी, दुरुस्त करणारी, उडवणारी माणसे शहरातच राहत होती. निवृत्तीनंतर त्यांच्या हातांना संग्रहालयात काम मिळाले आणि संग्रहालयाला पुस्तकात न सापडणारे ज्ञान.

याच संग्रहालयात ‘जी-लिंक्स’ हे हेलिकॉप्टरही आहे. ११ ऑगस्ट १९८६ रोजी त्याने ताशी ४००.८७ किलोमीटरचा जागतिक वेगविक्रम केला. पारंपरिक हेलिकॉप्टरचा तो अधिकृत विक्रम अजून मोडलेला नाही. ज्या यंत्रणेच्या पायावर ‘वेस्टलँड ३०’ फसले, त्याच घराण्यातील हा विक्रमवीर. दोन्ही एका छताखाली असल्यामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला यशाइतकेच अपयशही हात लावून पाहता येते. ब्रिटिश राजघराण्याच्या ताफ्यातील ‘वेसेक्स’ आणि सोव्हिएत बनावटीचे लढाऊ ‘एमआय-२४’ यांनाही इथेच जागा मिळाली आहे.

हेलिकॉप्टर जपणे अवघड का असते?

जुनी मोटार छपराखाली झाकून ठेवली तरी बरीच वर्षे टिकते. हेलिकॉप्टरचे तसे नसते. वजन कमी ठेवण्यासाठी त्यात हलके धातू वापरलेले असतात. त्या काळातील अनेक हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. खाऱ्या, दमट हवेत हा धातू पांढरी भुकटी होऊन झडू लागतो.

दुसरी अडचण सांध्यांची. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पोलादी बोल्ट एकमेकांना टेकलेले असतात. त्यांच्या फटीत मिठाचे पाणी शिरले की तिथे छोटी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि आत पत्रा पोखरलेला असतो. मुंबईसारख्या ठिकाणी, चार महिने पाऊस आणि बारा महिने समुद्राची हवा असताना, उघड्यावर ठेवलेले हेलिकॉप्टर काही पावसाळ्यांतच खचू लागते.

त्यामुळे जतनाची पहिली पायरी रंगकामाची नसते. टाक्या आणि नळ्यांमधील इंधन, तेल काढून टाकायचे. बॅटऱ्या उतरवायच्या. पोटाखालची निचऱ्याची छिद्रे मोकळी करायची. इंजिनाची तोंडे बंद करायची, म्हणजे कबुतरे आत घरटी करणार नाहीत. पाती स्वतःच्या वजनाने वाकतात. ती काढून ठेवायची किंवा आधार द्यायचा. टायरवर वर्षानुवर्षे भार राहू नये म्हणून धड टेकूंवर उचलायचे.

काही धोके डोळ्यांना दिसतही नाहीत. जुन्या विमान-हेलिकॉप्टरच्या काही घड्याळांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमयुक्त रंग असे. त्यामुळे असे यंत्र प्रेक्षकांसाठी खुले करण्याआधी किरणोत्सार मोजावा लागतो. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. हे ठाऊक नसलेल्या हौशी हातांनी पाना चालवला, तर जतनाऐवजी अपघात होतो.

स्वयंसेवक नेमके काय करतात?

सगळेच हातात पाना घेऊन उभे नसतात. कोणी पत्रेकाम करते, कोणी रिव्हेट बदलते, कोणी आसनांची शिलाई करते. कोणी तिकीटखिडकी सांभाळते, कोणी शाळेच्या मुलांना कॉकपिटमध्ये बसवून दांडा हलवला की पात्यांचा कोन कसा बदलतो ते दाखवते. बरेच काम कागदांचे असते.

प्रत्येक हेलिकॉप्टरची नोंदवही असते. किती तास उडाले, कोणता भाग कधी बदलला, कुठे आदळले, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. हेलिकॉप्टरचे अनेक भाग ठरावीक तासांनंतर बदलणे सक्तीचे असल्याने ही नोंद काटेकोर असते. वही हरवली तर उरतो तो फक्त धातू. म्हणून चांगल्या संग्रहालयात नोंदवह्या, नकाशे, देखभालीची पुस्तके आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी यांचे जतनही यंत्राइतक्याच गांभीर्याने होते.

आणखी एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. हेलिकॉप्टर उडण्याच्या स्थितीत ठेवायचे की फक्त पाहण्यासाठी? पहिल्या पर्यायात सुटे भाग, तपासण्या, परवाने आणि विम्याचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे बहुतेक संग्रहालये दुसरा मार्ग निवडतात.

मुंबईत प्रयत्न झालेच नाहीत का?

झाले, पण अनुभव चांगला नाही. देशाची पहिली विमानवाहू नौका ‘आयएनएस विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. त्यानंतर ती मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवण्यात आली. तिच्यावर विमानांसोबत हेलिकॉप्टरही मांडलेली होती. सुरक्षेच्या कारणास्तव २०१२ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली. देखभालीचा खर्च परवडणारा नाही, अशी भूमिका राज्य सरकारने घेतली. लिलावात ती सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली. न्यायालयीन लढाई अपयशी ठरल्यावर २०१४ च्या अखेरीस तिचे तुकडे करण्यास सुरुवात झाली.

‘आयएनएस विराट’बाबतही तेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या प्रस्तावाला मान्यता दिली. प्रत्यक्षात २०२० मध्ये ती ३८.५४ कोटींना विकली गेली आणि गुजरातमधील अलंगला तोडण्यासाठी गेली.

मराठी वाचकाला जवळचे यशस्वी उदाहरण गोव्यात आहे. बोगमाळो येथील नौदलाचे हवाई संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तिथे ‘चेतक’, ‘ह्यूज ३००’ आणि रशियन ‘कामोव्ह २५’ ही हेलिकॉप्टर पाहता येतात. पण ते नौदलाचे संग्रहालय आहे. तेलफलाटांवर जाणाऱ्या, पूरग्रस्तांना वाचवणाऱ्या, प्रवासी नेणाऱ्या नागरी हेलिकॉप्टरची कथा सांगणे हे त्याचे काम नाही. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ‘मारुत’ हे लढाऊ विमान आहे. बेस्टचे संग्रहालय अणिक आगारात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डबल डेकर बस रस्त्यावरून गेल्या, तेव्हा निदान दोन तरी जपा, अशी मागणी प्रवाशांनी केली होती. जुहूच्या हेलिकॉप्टरसाठी अशी मागणी ऐकू येत नाही, कारण त्यात बसलेल्यांची संख्याच मुळात कमी.

असे संग्रहालय आरेत होऊ शकेल का?

आरेचा हेलिकॉप्टरशी एक दुःखद संबंध आहे. ११ डिसेंबर २०१६ रोजी जुहूहून हवाई सफरीसाठी निघालेले ‘रॉबिन्सन आर-४४’ हे छोटे हेलिकॉप्टर गोरेगाव पूर्वेला आरे कॉलनीत कोसळले. वैमानिकाचा मृत्यू झाला, प्रवासीही गंभीर जखमी झाले. अशी दुर्घटना चार दिवस बातमीत राहते. हेलिकॉप्टर हवेत कसे तरंगते, इंजिन बंद पडले तरी पाती हवेच्या झोताने फिरती ठेवून कसे उतरवता येते आणि ते कधी शक्य होत नाही, हे नागरिकाला समजावून सांगणारी जागा मात्र शहरात नाही.

म्हणून ‘आरेत मोकळी जागा आहेच’ ही सूचना कोणालाही सुचू शकते. इथेच सावध राहायला हवे. १९४९ मध्ये दुग्ध वसाहत म्हणून स्थापन झालेल्या आरेकडे गेली कित्येक वर्षे ‘रिकामी जमीन’ म्हणून पाहिले गेले. प्रत्यक्षात तिथे आदिवासी पाडे आहेत, तबेले आहेत, बिबट्यांचा वावर आहे. ८१२ एकर क्षेत्र राखीव वन म्हणून घोषित झाले आहे आणि मोठा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात येतो. मेट्रो कारशेडच्या वादाने एका प्रकल्पापायी किती झाडे, किती विश्वास आणि किती वर्षे जातात हे शहराने पाहिले आहे. जड ट्रेलरवरून आणावी लागणारी यंत्रे, हँगर, वाहनतळ यांसाठी आरे ही योग्य जागा नाही.

मग जागा कुठे आणि पैसा कोणाचा?

वेस्टनचा अनुभव सांगतो की संग्रहालय तिथे टिकते जिथे जुने कारागीर राहतात. या कसोटीवर जुहूचे नाव आधी येते. हेलिकॉप्टरचे तंत्रज्ञ, वैमानिक, हवाई अभियंते यांची मोठी वस्ती अंधेरी ते बोरिवलीपर्यंत आहे. जुहूचा तोटा म्हणजे समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे बंदिस्त, हवेतील दमटपणा नियंत्रित करणारी शेड लागेल. उघड्या चौथऱ्यावर हेलिकॉप्टर ठेवून फीत कापण्याचा कार्यक्रम इथे उपयोगाचा नाही. विमानतळाची जमीन केंद्राच्या अखत्यारीत असल्याने भारतीय विमानतळ प्राधिकरणाची संमतीही लागेल.

आकाराचा विचार केला तर गोष्ट आवाक्यातील आहे. विक्रांत हजारो टनांची होती. रिकाम्या ‘चेतक’चे वजन साधारण सव्वा टनाच्या आत, म्हणजे छोट्या मोटारीइतके भरते. पाती उतरवली तर शाळेच्या सभागृहाएवढ्या शेडमध्ये दोन-तीन हेलिकॉप्टर मावतील.

कायद्याची चौकटही तयार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास नोंदवता येतो किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा संस्था काढता येते. राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृतीच्या जतनावरील खर्च कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या यादीत बसतो. खरा पेच निर्लेखनाच्या टप्प्यावर आहे. सरकारी यंत्र निवृत्त झाले की नियमाप्रमाणे सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे जाते. भंगारवाला वजनावर भाव देतो. त्याच्याशी स्वयंसेवी संस्था बोलीत स्पर्धा करू शकत नाही. प्रत्येक प्रकारातील एक यंत्र नोंदवहीसह बाजूला काढण्याचा नियम असेल, तरच पुढचे सगळे शक्य होते.

एकट्या माणसाच्या ध्यासातून सार्वजनिक ठेवा उभा राहतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमवलेल्या हजारो वस्तू १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हाती दिल्या आणि राजा केळकर संग्रहालय टिकले. संग्राहक आधी, सरकार नंतर, असा तो क्रम होता. विक्रांत आणि विराटबाबत सगळी भिस्त सरकारवर राहिली आणि घोषणेपुढे गाडी गेली नाही.

हा विषय आताच का?

नौदलात नव्या ‘एमएच-६०आर’ हेलिकॉप्टरची पहिली तुकडी मार्च २०२४ मध्ये कोची येथे दाखल झाली. ती ज्यांची जागा घेणार आहेत ती ‘सी किंग’ मुंबईने पाच दशके पाहिली. लष्करातील ‘चेतक’ आणि ‘चीता’ही टप्प्याटप्प्याने निवृत्त होण्याच्या मार्गावर आहेत. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने फ्रेंच परवान्यावर १९६० च्या दशकापासून बनवलेली ही हेलिकॉप्टर पूर, हिमस्खलन आणि युद्ध अशा प्रत्येक प्रसंगी वापरली गेली आहेत.

म्हणजे येत्या काही वर्षांत निर्लेखनाच्या याद्या मोठ्या होत जाणार आहेत. त्याच वेळी १९८० च्या दशकात जुहूला कामाला लागलेली तंत्रज्ञांची पहिली पिढी सत्तरीच्या आसपास आहे. कोणता बोल्ट कोणत्या क्रमाने सोडायचा, ‘वेस्टलँड ३०’ भर उन्हात उडवायला का नकोसे वाटायचे, हे त्यांच्या तोंडून नोंदवून ठेवण्यासाठी शेडची वाट पाहायची गरज नाही. एक मोबाइल, एक विद्यार्थी आणि रविवारची सकाळ पुरेशी आहे. वेस्टनच्या संग्रहालयाची सुरुवातही कागद आणि वस्तू गोळा करण्यापासूनच झाली होती. हेलिकॉप्टर नंतर आली.